न तळलेले घारगे

भाईंदर पश्चिमेच्या बाजारात चंपामावशीच्या टोपलीत त्या संध्याकाळी लाल भोपळ्याची एकच फोड उरली होती. रसिकानं ती उचलली, तेवढ्यात पलीकडून एक हात पुढे आला... आणि संकोचून मागे गेला.

"घ्या तुम्ही," तो म्हणाला. "आईला घारगे खावेसे वाटतायत. पण तिचं हृदय अशक्त झालंय, डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय. भोपळा नेऊन तरी मी काय करणार होतो!"

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. रसिकानं फोड त्याच्या पिशवीत टाकली.

"तळायचे कशाला? आमच्याकडे ओव्हन आहे. भाजू या."

बोलून गेली, आणि मग लाजली. नावसुद्धा ठाऊक नव्हतं त्याचं!

नाव नीलेश. स्टीलच्या कारखान्यात सुपरवायझर, दोन गल्ल्या सोडून राहणारा. घरात तो आणि आई, बस.

रविवारी तो आला. रसिकाची आई हॉलमध्ये घेवडा निवडत बसली, कान मात्र स्वयंपाकघराकडे. नीलेशनं भोपळा किसला. रसिकानं त्यात गूळ, कणीक, सुंठ, दालचिनी घालून लहान लहान गोळे वळले आणि गोल ओव्हनमध्ये ठेवले. पहिला घाणा दगडासारखा झाला.

"भिंतीत बसवता येतील," नीलेश गंभीरपणे म्हणाला.

"चेष्टा करताय?"

"नाही हो... आमच्या भिंतीला खरंच भोक आहे."

दुसऱ्या खेपेला भोपळा वाफवून घेतला, कणीक दुधात सैलसर भिजवली, वर जायफळ किसलं. ते गोळे मऊ फुलले. गरम गरमच दोघं घेऊन गेली. नीलेशच्या आईनं एक गोळा सावकाश संपवला.

"हे घारगे नव्हेत गो," ती म्हणाली. "पण बरे लागतात. पुन्हा करशील?"

मग दर रविवारी तेच. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. ताटलीखाली बोटांना बोटं लागायची, आणि कुणीच घाईनं हात काढून घ्यायचं नाही. नीलेश कधी कधी काही बोलायला तोंड उघडायचा... "जायफळ पुरे ना?" एवढंच विचारायचा.

थंडीत नीलेशची आई झोपेतच गेली. रसिका भेटायला गेली, पण माणसांच्या गर्दीत त्यानं मान वर केली नाही. नंतर रविवार आले नि गेले. त्याला आता इथं यायला कारणच उरलं नाही, असं तिनं मनाला बजावलं. मन ऐकत नव्हतं.

एका दुपारी बेल वाजली. दारात नीलेश होता, खूप वाळलेला. तो सवयीनं स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. रसिका कणीक मळत होती.

"मला विचारायचं होतं... आई होती तेव्हाच."

"मग गप्प का राहिलास?" तिनं कणीक मळता मळताच विचारलं.

"तुला वाटलं असतं, आजारी आईला जेवू घालायला कुणीतरी हवीय, म्हणून विचारतोय."

"आणि आता?"

"आता कुणाला जेवू घालायचं नाही, रसिका. फक्त... तू हवीस."

त्याचे डोळे भरून आले होते. तिनं पिठाचे हात धुतले, पदराला पुसले आणि त्याचा हात घट्ट धरला.

"आई," तिनं हॉलकडे वळून हाक मारली, "नीलेश जेवायला थांबतोय. आणि बाबा आले की त्याला त्यांच्याशी बोलायचंय."