इंजिन बंद असताना

सकाळपासून पोकलेन अर्ध्या खणलेल्या शेततळ्यात मान टाकून उभं होतं. इंजिन चालायचं, पण बकेट मातीला लावली की जोर जायचा आणि समोरच्या स्क्रीनवर पिवळा दिवा लागायचा. ते चालवणाऱ्या रत्नदीपने आळेफाट्याहून प्रेशरचा नवा सेन्सर आणून बसवला होता. दिवा तसाच.

दुपारी आणे घाट चढून एक स्कूटर आली. धुळीने माखलेली एक मुलगी उतरली, तिने स्कार्फ सोडला आणि पाठीवरची बॅग खाली ठेवली.

"मॅडम, मेकॅनिक मागून येतोय का?" रत्नदीपने विचारलं.

"मागं कुणी नाही. मीच आहे." तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि ऑपरेटर? तो मागून येतोय का?"

काठावर बसलेले सावळेरामतात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. मशीन त्यांचं होतं.

तिचं नाव तेजस्विनी. अवसरी खुर्दची. गावातल्याच कॉलेजात शिकली आणि आता मंचरच्या एका वर्कशॉपमध्ये होती. तिथून साइटवर जाणारी ती एकटीच मुलगी.

तिने लॅपटॉप जोडला, इंजिन चालू करायला सांगितलं. मग शेंग चाचपावी तशी ती सेन्सरची वायर बोटांनी हलवत वर वर गेली. एका क्लॅम्पपाशी बोट पोचलं आणि स्क्रीनवरचा आकडा धाडकन शून्यावर आला.

"हे बघा." वायरचं कव्हर घासून आतलं तांबं दिसत होतं. "सेन्सर खरंच सांगत होता. वायर त्याचं बोलणं पोचू देत नव्हती. तुम्ही बिचाऱ्याला उगाच बदललंत."

"मग माफी मागू का त्याची?"

"मागा की."

रत्नदीपने खिशातून जुना सेन्सर काढला, तळहातावर ठेवला आणि मान लववली. "चुकलं राव, माफ करा."

ती हसली. तिच्या कानामागं ग्रीसचा डाग लागला होता. सांगावं की न सांगावं... त्याने सांगितलं नाही.

वायर दुरुस्त करून तिने फॉर्म काढला. त्यावर तीन रकाने होते. तक्रार, कारण, उपाय.

"कारण चुकलं की उपाय चुकतो," ती लिहिता लिहिता म्हणाली. "इथं सही करा. येते, भाऊ."

त्या भागात त्याला सगळे भाऊच म्हणत. पण तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदाच टोचला.

पुढचे आठ दिवस मशीन मुकाट्याने चाललं. इतकं मुकाट्याने की रत्नदीपला त्याचा राग यायला लागला. नवव्या दिवशी तात्या जेवायला घरी गेले. त्याने इंजिन बंद केलं, चावी चालू ठेवली आणि सेन्सरचा प्लग हळूच ओढला. दिवा लागला. त्याने वर्कशॉपला फोन केला.

ती आली. सुटलेला प्लग बघून तिचा चेहरा उतरला. "माझ्याकडूनच नीट बसला नसणार."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण तोवर तिने डबा काढला होता, आणि रत्नदीपच्या फडक्यात भाकरी आणि आईने केलेल्या मासवड्या होत्या. दोघं मशीनच्या सावलीत जेवायला बसली.

"तिखट आहे हो!" मासवडी खाताच ती म्हणाली.

"मग डोळ्यात पाणी कसं न्हाई?"

"पाहुण्यांसमोर रडायचं नसतं."

"पावणं तुमी हाय. मी तर हितलाच."

"मासवडीचे पाहुणे तुम्ही. निम्म्या तर मीच संपवल्या." तिने अजून एक उचलली. त्याला वाटलं, आईला उद्या सांगावं... जरा जास्त कर.

आठवड्याने त्याने पुन्हा प्लग ओढला.

या वेळी आल्या आल्या तिने लॅपटॉप जोडला. जुन्या नोंदी वाचल्या. मग तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवला.

"मशीन सगळं लक्षात ठेवतं, रत्नदीपभाऊ. दिवा कधी लागला, तेव्हा इंजिन किती फेऱ्यांवर होतं. हा पहिला बिघाड, इंजिन सतराशेवर. खरा. हा दुसरा, दुपारी एक वाजून पाच मिनिटं, इंजिन बंद. हा आजचा. एक वाजून दहा. इंजिन बंद." तिने सुटलेला प्लग हातात घेतला. "इंजिन बंद असताना काही हलत नाही. मग प्लग निघतो तो हातानंच."

रत्नदीप आपल्या हाताकडे बघत राहिला.

"मागच्या वेळी कारणात मी काय लिहिलं ठाऊक आहे? प्लग माझ्याकडून नीट बसला नाही. साहेब म्हणाले, ह्या मशीनची पुन्हा तक्रार आली तर तुमचं साइटवर जाणं बंद. वर्कशॉपमध्ये बसून नटबोल्ट मोजा." तिने लॅपटॉप मिटला. "वर्षभर भांडले, तेव्हा मला हा घाट चढायला मिळाला."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"तुमी याल."

वाऱ्याने फॉर्म फडफडला. तिने तो हाताने दाबून धरला. "फोन करून या म्हणता येत नव्हतं? बिघाडाशिवाय माणसाला बोलावता येत नाही का?"

त्याने तिच्या हातातून फॉर्म आणि पेन घेतलं. कारणाच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं — 'प्लग ऑपरेटरने मुद्दाम काढला. दोन्ही वेळा. मेकॅनिकची चूक नाही.' खाली पूर्ण नाव लिहिलं, रत्नदीप सोपान भालेराव.

"मालकाचीही सही लागते," ती हळू म्हणाली. "काढून टाकतील तुम्हाला."

"टाकू द्या. बिघाड माझा हाय, तर कारणबी माझंच."

तात्या जेवून परत आले. त्याने कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो लांब धरून दोनदा वाचला.

"दोन येळा माझं मशीन उभं केलंस?"

"व्हय तात्या."

"कशापायी?"

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग सावलीतल्या फडक्याकडे. मासवड्या आज दुप्पट होत्या. ते बांधावर बसले.

"आमची कारभारीण मंगल व्हती ना, तवा मी हिरीवरच्या मोटरचा फ्यूज काढून खिशात घालायचो. पाणी थांबलं की ती बघाया यायची. येताना चहा आणायची. तिला समदं ठाव व्हतं. बारा वर्सं ठाव व्हतं, पर एकदाबी बोलली न्हाई." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "आता फ्यूज जातो तो खराच जातो. चहा काय येत न्हाई."

तात्यांनी सही केली.

"महिनाभर दुपारची सुट्टी अर्धी," ते रत्नदीपला म्हणाले. "आन् पोरी, तुझा नंबर दे ह्याला. माझ्या मशीनचा पिच्छा सोडा दोघं."

तेजस्विनीने प्लग बसवला. टक् असा आवाज आला. इंजिन चालू करून तिने दिवा गेल्याची खात्री केली आणि उपायात लिहिलं, 'प्लग बसवला. मशीन ठीक.' मग मालकाची प्रत फाडून तात्यांना दिली. एक कोरा फॉर्म काढला, स्कूटरच्या सीटवर ठेवला आणि पाठ वळवून काहीतरी लिहिलं. घडी करून रत्नदीपच्या हातात दिला.

"येते, पावणं."

भाऊ नव्हे. स्कूटर घाटाच्या वळणावर पोचेपर्यंत तो तिथंच उभा होता. मग त्याने घडी उलगडली.

'तक्रार — मशीन ठीक असतानाही इथं यावंसं वाटतं.
कारण — इंजिन बंद असतानाही काहीतरी हललं.
उपाय — रविवारी अवसरीला यावे. आईंना घेऊन. मासवडी तिखटच असू दे.'

खाली नंबर होता. आणि कोपऱ्यात, अंगठ्याएवढा, ग्रीसचा डाग.

"काय लिव्हलंय रं?" तात्यांनी बांधावरून विचारलं.

"मशीन ठीक हाय, तात्या."

"मशीनचं कोण इचारतंय!"