चेनभाऊची चिठ्ठी

यातलं एक अक्षरही खोटं नाही. त्या घरात मी स्वतः होते.

साल एकोणीसशे सत्तावन्न. गाव चांदा. पठाणपुरा वेशीच्या आतलं माझ्या आत्याचं घर.

आणि वेळ... भर दुपारचे तीन.

अंधाराला मी कधी घाबरले नाही. दुपारच्या तीनला मात्र अजून घाबरते.

माझी आत्या गुणाबाई. विधवा, मूलबाळ नाही. रामाळा तलावाचे मासे विकून घर चालवायची. मी तिच्याकडे राहून मास्तरणीचं शिक्षण घेत होते. बाहेरची खोली तिने एका चिनी माणसाला भाड्याने दिली होती. तो पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव रेशमी कापड विकायचा. नाव चेन. आम्ही त्याला चेनभाऊ म्हणायचो.

त्याचं शहर चीनमधलं सुचाऊ. त्या शहराच्या चित्रांची कार्डं त्याने जपून ठेवली होती. फेरीहून आला की ती जमिनीवर मांडायचा आणि आम्हाला शहर फिरवून आणायचा. हा शहराभोवतीचा परकोट. ही पाण्यातली वेस, हिच्यातून नावा आत येतात. हा दगडी पूल. हा टेकडीवरचा मनोरा, एका अंगाला कललेला.

"पडत नाई का रे भाऊ?" आत्याबाई दरवेळी विचारायची.

"हजार साल हुआ, बाई. नहीं गिरा."

त्याची बायको तिकडेच होती. तो निघाला तेव्हा मुलगा पोटात होता. आता आठ वर्षांचा झाला होता. बापाने त्याला पाहिलंच नव्हतं.

तीनच्या सुमारास डाकवाला यायचा. घरी असला की चेनभाऊ दारातच उभा. बाहेरगावाहून आला की कापड मोजायचा लोखंडी गज उंबऱ्यावर दोनदा वाजवायचा आणि विचारायचा, "बाई, चिठ्ठी आया?"

वर्षभर चिठ्ठी आली नव्हती.

श्रावणात तो तापाने पडला. पाचव्या दिवशी नेमकी चिठ्ठी आली. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, जिवाला धक्का बसेल असं काही त्याच्या कानावर घालू नका. चिठ्ठीत काय असेल, कोण जाणे. आत्याबाईने ती तशीच भिंतीतल्या देवळीत ठेवली.

त्याने डोळे उघडले. "बाई... चिठ्ठी आया?"

"नाई आली भाऊ. येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

झरपट नदीच्या काठी त्याला मूठमाती दिली. आत्याबाई घरी आली, देवळीसमोर बसली आणि कपाळ बडवून घेऊ लागली.

"म्या काऊन नाई देल्ली गं? काऊन नाई देल्ली?"

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी चुलीपाशी होतो. बाहेरच्या खोलीला कुलूप होतं.

टक्... टक्...

उंबऱ्यावर लोखंड वाजलं.

आत्याबाईचा हात थांबला. मी दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं.

दारात कोणी नव्हतं.

मग कुलूप लावलेल्या खोलीतून... अगदी हळू...

"बाई... चिठ्ठी आया?"

मी आत्याबाईला घट्ट धरलं. ती थरथरत होती. पण भीतीने नाही. ती रडत होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. वेळ तीच, आवाजही तोच. त्यात राग नव्हता. जिवंत असताना विचारायचा, तसंच विचारणं.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई उठली. देवळीतली चिठ्ठी घेतली आणि पाकीट फोडलं. आत एकच लांब कागद. सगळी चिनी अक्षरं, आम्हाला नुसत्या काळ्या रेघा. तिने कुलूप काढलं. त्याची कार्डं जमिनीवर मांडली, शेजारी कागद उलगडून ठेवला.

"आली भाऊ. चिठ्ठी आली. चुकली मी."

दार ओढून घेऊन आम्ही बाहेर बसलो.

बराच वेळ काही नाही.

मग... कागद सळसळला.

कोणीतरी वाचत होतं. हळूहळू, ओठांतल्या ओठांत. मध्येच हसल्यासारखं झालं.

आणि मग रडणं. गडीमाणूस तोंडात कापड कोंबून रडतो, तसं.

आत्याबाईने दाराला डोकं टेकलं. ती सरकली नाही.

शेवटी नुसतं कुरकुर... कुरकुर... बराच वेळ.

"उंदीर असंन," ती म्हणाली.

सांज झाल्यावर आत गेलो. कागदाची नीट घडी घातलेली होती. आत्याबाईने ती पाकिटात घालून परत देवळीत ठेवली.

त्या दिवसानंतर गज वाजला नाही. तो सुटला, असं आम्हाला वाटलं.

दोन वर्षांनी आत्याबाईची दाढ काढायला मी तिला नागपूरला नेलं. दाताचे डॉक्टर चिनी होते. तिने येताना चिठ्ठी बरोबर घेतली होती. तिने ती त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी वाचली. पुन्हा वाचली.

"वर बायकोचं पत्र आहे," ते म्हणाले. "मुलगा मनोरा पाहायचा हट्ट करतो. ती सांगते, बाबा आले की दाखवतील."

"अन् खाली?" मी विचारलं. खाली अक्षर वेगळं होतं. इतक्या दिवसांत मी ते निरखून पाहिलंच नव्हतं.

"खाली नवऱ्याचं उत्तर आहे. लिहिलंय, मी निघालो. पोराला घेऊन पाण्याच्या वेशीपाशी ये. शहर त्याला मीच दाखवीन." डॉक्टरांनी वर पाहिलं. "आणि शेवटी लिहिलंय, घरची बाई भली आहे, ही चिठ्ठी ती डाकेत टाकेल. मग तुम्ही टाकली का नाहीत?"

पाकीट तर आत्याबाईने त्याच्या मरणानंतर फोडलं होतं.

डॉक्टरांनी पत्ता लिहून दिला. आम्ही त्याच दिवशी ती डाकेत टाकली. ती पोचली की नाही, कधीच कळलं नाही.

आत्याबाई त्यानंतर अकरा वर्षं जगली. रोज तीन वाजले की दारात येऊन बसायची. एकदा मी म्हटलं, "आत्याबाई, आता कोण येणार हाये?"

ती रस्त्याकडेच पाहत राहिली.

"येणाऱ्याचं नाई गं. तो तिथी पोचला असंन. वेशीपाशी उभा असंन, पोराची वाट पाहत. अन् त्या मायलेकाले कोणी सांगितलंच नाई... दोन वर्षं एकटाच उभा असंन का गं तो?"

मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर जाऊन बसले.