शिशाच्या पत्र्यातली रिकामी जागा

सरांनी मला आणि दोराला तळघरात शिशाचा पत्रा वाचायला पाठवलं, तेव्हा दुपारचे दोनच वाजले होते. पण एटना ज्वालामुखी सकाळपासून राख ओकत होता. कातानिया शहराचं आभाळ काळवंडलं होतं, लोक छत्र्या उघडून चालले होते, आणि विद्यापीठाच्या जिन्यावर राख पायाखाली करकरत होती. तू विचारलंस म्हणून सांगते, एरवी हा विषय मी काढत नाही.

आम्ही दोघी ग्रीक-लॅटिनच्या शेवटच्या वर्षाला होतो. तिचं पूर्ण नाव दोरोतेया. कोळणीची मुलगी, पण तोंडी परीक्षेला बसली की मागच्या बाकांवरची पोरं वह्या मिटून नुसती ऐकत राहायची. अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक ती असं बोलायची की वाटावं, आत्ताच बाजारातून ऐकून आली. मी आपली घोकंपट्टीवाली. संशोधनाची जागा त्या वर्षी एकच होती आणि ती तोंडी परीक्षेवर ठरायची. नाही मिळाली तर गावी जाऊन मामाच्या औषधांच्या दुकानात जन्मभर उभं राहायचं, हे माझ्या घरी ठरलेलंच होतं. जळत होते मी तिच्यावर. आता खोटं कशाला बोलू?

पत्रा तळहाताएवढा होता. जुन्या ग्रीकांच्या काळी आमच्या बेटावर कुणाशी खटला असला की लोक असा शाप लिहायचे. शिशावर खिळ्यानं उजवीकडून डावीकडे, उलटं लिहायचं, पत्रा मुडपायचा आणि एखाद्या थडग्यात सोडायचा. पुढचं काम आतला मेलेला माणूस करतो, अशी समजूत. यावर लिहिलं होतं, हिची जीभ मी बांधते, ती या शिशासारखी थंड आणि जड होवो, आणि जो हिच्या बाजूनं तोंड उघडेल त्याचीही. 'हिची'च्या आधी जिथं नाव असायचं, तिथं भोक होतं. शिसं झिजून गेलं होतं.

अशा गाळलेल्या जागा भरणं हे तर आमच्या विद्येचं रोजचं काम. किती अक्षरं मावतील ते मोजायचं आणि बसेल तो शब्द कंसात लिहायचा.

"दोघींनी एकेक नाव सुचवा," सर म्हणाले होते. "उद्या बघू."

दोरानं आपला कागद अर्ध्या तासात उरकला. जाताना म्हणाली, "फिलिप्पा, फार डोकं खाजवू नकोस. टक्कल पडेल." मी हसले. ती गेली आणि मी त्या तळघरात एकटी उरले. ओल्या दगडाचा वास येत होता, त्यात गंधकाचा. दोरोतेया हे नावही जुनं ग्रीकच. मी अक्षरं मोजली. बरोब्बर बसत होतं. गंमत म्हणून लिहिलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. गंमत नव्हती ती.

लिहिताना पेन्सिलीच्या मागोमाग आणखी एक करकर ऐकू येत होती. धातूवर खिळा ओढावा तशी. मी थांबले. ती मात्र थांबली नाही... उरलेली दोन अक्षरं पुरी झाल्यावरच थांबली.

आठवड्यानं परीक्षा होती. दारं उघडी होती, खोली भरलेली होती. सर म्हणाले, "हं, दोरोतेया, सुरू कर." तिनं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. कुणीतरी पाणी दिलं, ते हनुवटीवरून ओघळलं. मी पुढच्याच बाकावर होते. तिची जीभ मला दिसली. राखाडी पडली होती.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. जागा मला मिळाली.

त्याच दिवशी मी सरांकडे धावले. "सर, ते मी सुचवलेलं नाव खोडून टाका. माझं चुकलं."

"कुठलं नाव?"

"पत्र्यावरच्या भोकातलं..."

त्यांनी चष्मा पुसला, कपाटातून जुनी वही काढली. मी जन्मले नव्हते तेव्हाची, कडा पिवळ्या पडलेली. आत पत्र्याचा फोटो चिकटवलेला होता. त्यात भोक नव्हतं. खाली सरांच्या तरुणपणीच्या अक्षरात अख्खा मजकूर होता, आणि त्यात दोरोतेया.

"भोक कधीच नव्हतं, पोरी," सर म्हणाले. "तू जरा झोप घे."

महिन्याभरानं दोराची आई आली. बाजारातून तशीच उठून आली होती, रबरी बूट घालून. सरांच्या दारात उभी राहून म्हणाली, "साहेब, माझ्या पोरीला आणखी एक संधी द्या. तिच्यासारखी हुशार..." आणि अडकली. हात तोंडाशी गेला. मी तिथंच फायली घेऊन उभी होते. त्या पत्र्यावरची शेवटची अट मला पाठ होती. दोरासाठी मी एक शब्द बोलले नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

सहा वर्षांनी, गेल्या मंगळवारी, राहवलं नाही म्हणून मी त्यांच्या घरी गेले. दोरा टेबलाशी बसली होती. आईनं हाताच्या खुणेनंच मला बसवलं आणि कॉफी ठेवली.

"दोरा," मी म्हणाले, "तुझं नाव मी लिहिलं होतं. मीच."

तिनं कागद ओढला. पेन्सिल उजव्या टोकाला टेकवली आणि डावीकडे लिहीत गेली. पत्र्यावरची अक्षरं जातात तशी. मला उलटं वाचावं लागलं.

'मला माहीत आहे. आधी मी तुझं लिहिलं होतं. मग खोडलं.'

मला रडू फुटलं. खोडण्याइतकी माणुसकी तिच्यात होती, माझ्यात नव्हती, आणि बोलणं मात्र माझं शाबूत राहिलं.

तेवढ्यात आईनं कपात बोट बुडवलं. ती पाचवी शिकलेली बाई, ग्रीक अक्षराची तिला ओळखही नाही. पण टेबलावर ती कॉफीनं लिहू लागली, उजवीकडून डावीकडे. शापाची पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी, अक्षर न अक्षर बरोबर. तिनं पुन्हा बोट बुडवलं.

पत्र्यावर चारच ओळी आहेत. पाचवीत कुणाचं नाव येतं ते वाचायला मी थांबले नाही. कोट तिथंच टाकून जिना उतरले.