ठीकठाक सिनेमांची भिंत

"उजवा डोळा झाका आणि सगळ्यात खालची ओळ वाचा," चष्मेवाला म्हणाला.

तिने डोळा झाकला, खालची ओळ शोधली, आणि तिची नजर तक्ता सोडून भलतीकडेच गेली. तक्त्याशेजारचं दार अर्धवट उघडं होतं. आत एक छोटी खोली, खोलीत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर सिनेमांच्या डिस्कच डिस्क. मधल्या फळीवर एक पिवळी कड होती. अक्षरं दिसत नव्हती, पण दिसायची गरजही नव्हती. ती कड तिने झोपेतून उठवलं तरी ओळखली असती.

"वाचताय ना?"

"हं... वाचते."

"मग आवाज का येत नाही?"

"अक्षरं... जरा हलतायत."

"तक्ता भिंतीला स्क्रूने बसवलाय. हलत असेल तर दुसरंच काहीतरी हलतंय."

हसत हसत तो वाकला आणि तिच्या नाकावरच्या जड फ्रेममध्ये एक काच सरकवली. त्याचा चेहरा इतका जवळ आला की तिने श्वास रोखला. त्याचे डोळे तपकिरी होते, शांत, कामात बुडालेले. तो तिच्या डोळ्यांत बघत होता, पण तिच्याकडे नाही. त्याने तिला ओळखलेलं नव्हतं. सुटले, असं तिला वाटलं. आणि का कोण जाणे, जरासं वाईटही वाटलं.

लपवण्यासारखं काय होतं? तर एकोणिसाव्या वर्षी ती एका सिनेमाची नायिका झाली होती. सिनेमा आला, थोडे दिवस चालला, गेला. वर्तमानपत्रात तिच्यावर एकच वाक्य आलं, 'नायिका बरी आहे.' वाईट आहे म्हटलं असतं तर भांडता आलं असतं, रडता आलं असतं. 'बरी'शी भांडायचं कसं? दादाने महिनाभर तिला 'आमची बरी' म्हणून हाक मारली. पुढे तिने तो नाद सोडला आणि पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. तिथे पाणी पिण्यालायक असतं किंवा नसतं. बरं आहे असं तिथे कोणी लिहीत नाही.

आणि मग तिने त्या सिनेमाच्या डिस्क गोळा करायला घेतल्या. जुन्या सामानाच्या दुकानांतून, ओळखीच्यांकडून, मिळेल तिथून. माळ्यावरची पत्र्याची पेटी भरली होती. हे फक्त वहिनीला माहीत होतं. "लोक पापं लपवतात," वहिनी म्हणायची, "तू सिनेमा लपवतेस. अगं, कोण बघणार आहे तो?"

"बराच मोठा संग्रह दिसतोय," ती शक्य तितक्या सहज म्हणाली.

"मोठा आहे. चांगला नाही." त्याने काच बदलली. "सगळे ठीकठाक सिनेमे आहेत."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. उत्तम सिनेमे सगळ्यांच्या घरी असतात. अगदी टुकारसुद्धा लोक जपून ठेवतात, चार मित्र जमवून हसायला. पण जो बघून माणूस 'ठीक होता' म्हणतो आणि चपला घालतो, त्याला कोण सांभाळणार? त्याच्यासाठीही कुणीतरी पहाटे उठून तोंडाला रंग लावलेला असतोच ना?"

त्या पहाटे तिला आठवत होत्या.

"ती पिवळी... ती बघायला द्याल?"

"ती सोडून काहीही न्या. ती शेवटची प्रत आहे."

"शेवटची?"

"कुणीतरी वेडा बाजारातल्या झाडून सगळ्या प्रती उचलतोय. मी चौकशी केली, कुठेही मिळत नाही. आमच्या फिल्म क्लबात सगळ्यांचे कान टवकारलेत. म्हणतात, एवढं कोणी शोधतंय म्हणजे त्यात काहीतरी असणार! पुढच्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवतोय. तुम्ही या की!"

करायला गेले एक आणि झालं एक! गप्प बसली असती तर तो सिनेमा केव्हाच विसरला गेला असता. तिनेच दडवून दडवून त्याला दुर्मिळ करून ठेवलं होतं.

डिस्क उचलायची. रविवारच्या आत. दुकानातून बाहेर पडताना तिने एवढं पक्कं केलं होतं.

चष्मा तयार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती दुपारी हजर. फ्रेम कानामागे टोचते म्हणाली. त्याच्या पुढच्या दिवशी नाकावर घसरायला लागली. दुपारी दुकान बंद असायचं, तो मागच्या खोलीत जेवून सिनेमा लावून बसलेला असायचा, आणि "या, आज काय मोडलंय?" म्हणत तिच्यासाठी दुसरी खुर्ची ओढायचा.

"काही मोडलं नाही. वाकडी बसते."

"फ्रेम सरळ आहे. तुमचं नाक जरा डावीकडे आहे."

"माझं नाक सरळ आहे!"

"रोज मापतो मी. डावीकडे आहे." त्याने चष्मा तिच्या कानांवर अलगद चढवला. "छान आहे."

तिने चटकन पडद्याकडे तोंड फिरवलं. कान तापले होते.

त्याची बघायची रीत निराळीच होती. कथा कुठे चाललीय याची त्याला फिकीर नसायची. "तो मागचा हमाल बघा... पेटी खरंच जड आहे. कुणी सांगितलं असेल त्याला भरलेली पेटी उचलायला?" एका रडक्या सिनेमात बाप मुलीला घराबाहेर काढतो, तेव्हा तो टाळी वाजवून म्हणाला, "बघा बघा, ओरडताना मटार सोलायचं थांबला नाही! घरोघरचे बाप असेच ओरडतात." आणि खरंच, तिचे बाबा असेच ओरडायचे. इतकी वर्षं तिने सिनेमाचा दोनच खणांत हिशोब लावला होता, पास किंवा नापास. या माणसाला मधल्या ढिगाऱ्यात रोज काहीतरी सापडत होतं.

"त्या पिवळ्यातली नायिका कशी आहे हो?" कांद्याचा भाव विचारावा तसं तिने एकदा विचारलं.

"रडताना खोटी वाटते."

"अच्छा."

"आणि नाचताना चक्क मोजते. ओठ हलतात तिचे, एक-दोन-तीन-चार."

"मग कशाला जीव टाकता त्या सिनेमावर?" आवाज जरा चढलाच.

"मोजते म्हणूनच. ज्यांना येतं ते मोजत नाहीत, आणि ज्यांना पर्वा नसते तेही मोजत नाहीत. त्या पोरीला आपलं चुकू नये असं फार वाटतंय. ते बघून मला..." तो थांबला. "तुमचे डोळे का भरले?"

"नंबर चुकलाय चष्म्याचा."

तेवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली आणि तो उठून गेला. दुकान बंद असलं तरी कुणी ना कुणी ती रोजच वाजवायचं. रोजच ती खोलीत एकटी उरायची, पिवळी कड हाताच्या अंतरावर, पर्सची चेन उघडी. आणि रोज तिचा हात मांडीवरच राहायचा. उद्या घेऊ, ती स्वतःला सांगायची.

"मिळाली?" घरी वहिनी विचारायची.

"उद्या."

"उद्या-उद्या करत तिथेच संसार मांडशील, बघ."

शनिवारी तो अस्वस्थ होता. क्लबच्या अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत आणि चळचळा कापत. बाईंनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं, की यंदा पहिल्यांदा तुमच्या आवडीचा सिनेमा ठेवतोय, पण फजिती झाली तर पुन्हा नाही.

"फजिती होईल?" तिने विचारलं.

"लोकांना ठीकच वाटेल. त्याचं काही नाही." तो फळीकडे बघत म्हणाला. "पण तुम्ही पुढच्या रांगेत बसाल? तुम्ही बघताना... मला तुमच्याकडे बघायचंय."

घंटा वाजली. तो गेला.

उद्या हा माणूस एकदा पडद्याकडे बघणार, एकदा तिच्याकडे. तिचा हात मांडीवरून उठला. पिवळं खोकं उघडलं, डिस्क पर्समध्ये गेली, खोकं होतं तिथे गेलं. तो परत आला तेव्हा ती दारात उभी होती.

"निघालात? आज तर काही दुरुस्तच केलं नाही..."

"लॅबमध्ये काम आहे," ती म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता चालू पडली.

रविवारी जायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि ती गेली. शेवटच्या रांगेत, खांबाआड. पर्स पोटाशी घट्ट धरलेली. हॉल भरला होता, दोघं-तिघं तर भिंतीला टेकून उभे होते. चष्मेवाला इस्त्रीचा शर्ट घालून पुढे उभा होता आणि पहिल्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीकडे सारखा बघत होता. खुर्चीवर त्याने रुमाल टाकून ठेवला होता.

मग त्याने खोकं उघडलं.

त्याने ते उलटं केलं. हलवलं. पिशवी चाचपली. लोक आधी हसले, मग कुजबुजले. "विसरलात वाटतं?" कोणीतरी म्हणालं. "नाही हो... यातच होती," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. तो पुन्हा पुन्हा तेच रिकामं खोकं उघडून बघत होता, जणू या वेळेला असेल.

बाई उठल्या. "हे पाहा, इतक्या लोकांची सकाळ फुकट घालवलीत तुम्ही. ठीकठाकच्या नादात कामही ठीक करता येऊ नये?"

त्याने मान खाली घातली.

ती उठली कधी, तिलाच कळलं नाही. खुर्च्यांच्या मधून ती पुढे गेली. सगळी डोकी वळली होती. तिने पर्समधून डिस्क काढून त्याच्यासमोर धरली.

"काल मी घेतली," ती म्हणाली. "बाकीच्याही... सगळ्या माझ्याचकडे आहेत."

"तुम्ही?" तो पुटपुटला.

"अहो, पण का?" बाईंनी विचारलं.

"लावा म्हणजे कळेल."

ती वळली आणि खांबाआडच्या खुर्चीत जाऊन बसली. पळून जाता आलं असतं. दार तिथेच होतं. पण पाणी डोक्यावरून गेलेलंच होतं, आता बुडायचं ते बसून बुडू, असं तिला वाटलं.

दिवे गेले. एकोणीस वर्षांची एक मुलगी जिना उतरत पडद्यावर आली आणि हॉलमध्ये एकेक डोकं मागे वळायला लागलं. यंत्रापाशी उभा असलेला तो वळलाच नाही. मग वळला. उजेडाची तिरीप त्याच्या चेहऱ्यावर होती. त्याने पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पडद्याकडे. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

धरणीने घेतलं नाही, म्हणून ती बघत बसली. लोक एकदा जिथे हसायला हवं तिथे हसले, दोनदा नको तिथे. एक आजोबा झोपले. नायिका रडली, खोटंच रडली. मग नाच आला, आणि पोरीचे ओठ हलायला लागले. एक-दोन-तीन-चार. किती घाबरली होती ती! घोटा दुखावलेला, पायातली चप्पल एका नंबराने लहान, आणि तरी एक पाऊल चुकू देत नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्या पोरीची लाज वाटली नाही. उठून तिला जवळ घ्यावंसं वाटलं.

दिवे लागले. थोड्या टाळ्या झाल्या. "ठीक होता," म्हणत लोकांनी चपला घातल्या. जाता जाता झोपलेले आजोबा तिला म्हणाले, "छान केलंत हो काम," आणि तिला हसू आवरेना.

हॉल रिकामा झाला. तो वायर गुंडाळत होता, मान वर न करता.

"रागावलात?" तिने विचारलं.

"डिस्कसाठी नाही." वायरचा वेढा सुटला, त्याने पुन्हा घातला. "कानामागे टोचतंय, नाकावर घसरतंय... सगळं याच्यासाठी होतं. मी आपला रोज खुर्ची पुसून ठेवायचो."

"पहिल्या दिवशी याच्यासाठीच होतं."

"आणि नंतर?"

"तुम्ही रोज मला त्या खोलीत एकटीला सोडून जात होतात. रोज घेता आली असती." "घेतली असती तर दुसऱ्या दिवशी यायला कारण उरलं नसतं... म्हणून नाही घेतली."

त्याचे हात थांबले. "मग काल का घेतलीत?"

"तुम्ही मला बघणार होतात म्हणून. जगाला मी बरी वाटले तर वाटू दे. तुम्हाला... तुम्हाला नुसती बरी वाटलेलं मला सोसलं नसतं. कारण तुम्ही मला फार आवडता, कळलं? आता हसा."

तो हसला नाही. त्याने वायर खाली ठेवली आणि जवळ आला, इतका जवळ की तिने पुन्हा श्वास रोखला. या वेळी तो डोळ्यांत नाही, तिच्याकडे बघत होता.

"तुमच्या येण्याची वाट बघता बघता," तो हळूच म्हणाला, "या आठवड्यात मी तीन सिनेमे पाहिले. एकाचीही कथा सांगता येणार नाही मला."

तिने त्याचा हात धरला.

"अहो, छत्री राहिली माझी—" बाई दारातून आत आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. धरलेले हात त्यांना दिसले, पण मुख्याध्यापिकाच त्या; चेहरा हलू दिला नाही. छत्री उचलून त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारचा सिनेमा कोणता? फळ्यावर लिहायचाय."

त्याने हात सोडला नाही. आठवडाभर जिला अहो-जाहो करत होता, तिच्याकडे बघत तो म्हणाला,

"हिला विचारून सांगतो."