स्टिअरिंगवरचे हात

हसा लेको, हसा! तुमच्या गाड्या स्वतःच रेघेत चालतात, स्वतःच ब्रेक मारतात, म्हणून तुम्हाला म्हाताऱ्याची गंमत वाटते. तो दिवा जरा बारीक करा आणि ऐका. माझ्या साडूची गोष्ट आहे, सांगोवांगीची नाही.

तसलीच एक गाडी साडूनं जुन्या गाड्यांच्या बाजारातून घेतली होती. गेल्या जानेवारीतला तिसरा शनिवार, रात्री साडेअकराचा सुमार. आजोळी राहिलेल्या लेकीला घेऊन तो हायवेनं घरी निघाला होता. पोर मागच्या सीटवर पट्टा लावून पेंगत होती. गाडीची एकच अट, हात स्टिअरिंगवर हवेत. काढले की ती बोंब ठोकायची. त्यावर ड्रायव्हर मंडळींनी तोड काढलीच होती. पाण्यानं भरलेली बाटली स्टिअरिंगच्या फटीत खोचायची. वजन लागलं की गाडीला वाटतं, हात आहेत! अरे, गाडी मदतीला असते, चालवायचं आपणच. पण आमचा साडू महा आळशी. बाटली खोचून तो निवांत संत्रं सोलत बसला.

घराचा फाटा जवळ आला तशी त्यानं बाटली काढून शेजारी टाकली. आता गाडी ओरडेल म्हणून वाट पाहिली. ती ओरडली नाही. पडद्यावर दोन हिरवे हात दिसत होते. म्हणजे स्टिअरिंग कुणीतरी धरलंय. आणि साडूचे दोन्ही हात तर मांडीवर, संत्र्यासकट.

"बिघडली वाटतं बया," असं म्हणून त्यानं स्टिअरिंग धरलं, फाट्याकडे वळवलं.

वळेना.

त्यानं जोर लावला... समोरूनही जोर लागला. यंत्राचा नव्हे रे. माणसाच्या मनगटाचा.

ब्रेक दाबला. पायाखाली जणू दगड. फाटा मागे गेला.

पुढे कडेला एक ट्रक उभा होता. दिवे बंद. गाडी हळूच तिकडे सरकायला लागली...

"सोड... मागे पोर आहे माझी... पाया पडतो, सोड..."

रडला तो. बाप असून त्याला काही म्हणजे काही करता येईना. ट्रक मोठा होत गेला.

मागून लेकीचा आवाज आला. ती जागी होती. बापाच्या तोंडाकडे नाही, स्टिअरिंगकडे बघत होती.

"आजोबा, सोडा ना."

...

स्टिअरिंग सैल झालं. ब्रेक लागला. ट्रक हातभर अंतरावर.

पोरीला छातीशी धरून तो उजाडेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून होता. ते आजोबा कोण, हे तिनं आजवर सांगितलेलं नाही.

उजाडल्यावर त्याला पुढची काच दिसली. निघताना धड होती, आता आतून तडकलेली, ड्रायव्हरच्या कपाळाच्या बरोबर उंचीवर. मी स्वतः त्या तड्यावरून बोट फिरवलंय.

साडूच्या कपाळावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.