खटका कुणासाठी पडतो

प्रयोगशाळेत देहप्रतिरूपातून, म्हणजे माणसाच्या अंगासारखी वीज वाहून नेणाऱ्या यंत्रातून, श्रीपादच्या नावाची विद्युतधारा सोडली आणि घराची वीज तोडणारा खटका तत्क्षणी खाली पडला. मग दिगंबरच्या नावाची सोडली. खटका ढिम्म हलला नाही.

"बघितलंत?" सुलभा पाटणे खुर्चीतून उठलीच. "धाकट्या भावाला वाचवतो आणि थोरल्याला मरू देतो! आता तरी माझं ऐकाल ना?"

तिचा नवरा दिगंबर पाण्याच्या मोटरीचा शॉक लागून अतिदक्षता विभागात होता. दीर श्रीपाद प्रयोगशाळेबाहेर बाकावर बसला होता. त्यानेच खटक्यात काहीतरी केलं, अशी तक्रार लिहून तिने पर्समध्ये ठेवली होती. प्रयोगशाळेने हो म्हणायचा अवकाश, ती तडक पोलीस ठाण्यात जाणार होती.

खटका तपासणाऱ्या डॉ. मृणाल तगारे यांनाही श्रीपादचा संशय होताच. पण त्याहून जास्त संशय होता तो शेजारी उभ्या असलेल्या रफिक मुजावरचा. हा देहवेधी खटका त्यानेच घडवला होता, आणि स्वतःच्या लेकराला कोण वाईट म्हणतं?

"सील शाबूत आहे मॅडम," रफिक म्हणाला. "कुणी उघडलेला नाही."

"मग हा माणसामाणसांत भेद कसा करतो?"

"भेद करणं हेच त्याचं काम. वीज प्रत्येकाच्या अंगातून जरा वेगळी वाहते. त्या चालीला आम्ही देहखूण म्हणतो. खूण दिसली की खटक्याने वीज तोडायची. पण लोक वैतागले हो! ओल आली की पडतो, जरा झिणझिण्या आल्या की पडतो. शेवटी खटका काढून वायर थेट जोडायला लागले. म्हणून आम्ही त्याला शिकायला शिकवलं. पडल्यावर कुणी लगेच वर केला, तर धोका खोटा. बराच वेळ खालीच ठेवला, तर खरा. खोटा धोका वारंवार आला, की ती देहखूण तो सोडून देतो."

"अहो, काय हे!" मृणाल चिडल्या. "माणूस शहाणपणानेच खटका वर करेल, असं धरून चाललात?"



मृणाल सुलभाकडे वळल्या. "मोटरीचा शॉक यांना आधीही बसायचा?"

"थोडासा. हे ओरडायचे, 'काही नाही गं, लाव वर!' मी लावायचे. टाकी भरायची असायची ना."

"आणि भाऊजींना बसला तेव्हा?"

"गीझरचा बसला होता. काय तमाशा केला! वायरमन येईपर्यंत खटक्याला हात लावू दिला नाही. आख्खी संध्याकाळ अंधारात. मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी."

बोलता बोलता ती थांबली. तिचा चेहरा उतरला, पण संशय इतक्या सहज सुटतो थोडाच!

"बरं, खटक्याचं सोडा. भाऊ तडफडत होता आणि भाऊजी पाठ फिरवून मीटरकडे पळाले! मी यांना ओढायला गेले, तर मलाच ढकलून पाडलं. सख्खा भाऊ असं करतो?"

मृणाल पुन्हा यंत्रापाशी गेल्या. त्यांनी त्यातून खटक्यात नोंदलेली तिसरी देहखूण सोडली. खटका तसाच उभा राहिला.

"ही कुणाची?" सुलभाने विचारलं.

"तुमची."

सुलभाला इस्त्री आठवली. हाताला झिणझिण्या, खटका खाली, आणि कपडे अर्धे राहतात म्हणून तिनेच तो वर केलेला. कितीदा, ते तिलाही आठवेना.

"म्हणजे मी यांना धरलं असतं, तर..."

"वीज तुमच्यातूनही गेली असती, आणि खटका तुमच्यासाठीही पडला नसता. भाऊजींनी मेन बंद करेपर्यंत दोघंही गेला असतात."

सुलभा बाहेर आली. श्रीपाद अंग चोरून उभा राहिला.

"वहिनी, काय म्हणाले?"

"भाऊजी, तुम्हाला ठाऊक होतं? खटका माझ्यासाठी पडणार नाही, हे?"

"छे हो! मला खटक्यातलं काय कळतंय? शॉक लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आधी मेन बंद करायचा, एवढंच ठाऊक होतं. लागलं का हो तुम्हाला फार?"

सुलभाला रडू आवरेना. "मी तुम्हाला तुरुंगात घालायला निघाले होते, भाऊजी," ती म्हणाली.