चिमाजीच्या बेटाचं वय

फोन आला तेव्हा शुभांगीबाई इंदिरानगरच्या घरात गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या.

मनोज बोलत होता. त्र्याण्णव साली त्यांच्या वनस्पतीशास्त्राच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, आता सुरगाण्याकडे हवालदार होता. एका पाड्यावर बांबूचं बेट विष घालून मारल्याची तक्रार आली होती. उद्या संध्याकाळपर्यंत गुन्हा नोंदवावा लागणार होता.

"मॅडम, नाव काळूचं घेतायत. तो आत गेला तर त्याची बायको उपाशी मरेल. एकदा बघून जा."

बाईंच्या जिवावर आलं होतं. तरी सकाळच्या जीपमध्ये त्या बसल्या.

बेट चिमाजीचं होतं. चिमाजी शेहेचाळीस वर्षांचा, गावचा पंच. त्याने हकिगत सांगितली. सहा वर्षांपूर्वी देवराईतल्या बांबूची मुळं कोणीतरी खणली होती. खड्ड्याशी काळूची पहार सापडली. पंचांनी काळूला वाळीत टाकलं. तेव्हापासून भातलावणीला त्याच्या बांधावर कोणी येत नव्हतं. त्याचा सूड म्हणून त्याने विष घातलं, असं चिमाजीचं म्हणणं. काळूच्या घरात तणनाशकाचा रिकामा डबाही मिळाला होता.

बेट खरोखर मरत होतं. पानं गळून गेलेली. पेरापेराला तपकिरी, टोचणारे गोळे.

"ह्या गाठी कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"दिवाळीनंतर. इखानंच आल्या."

"बेट कितव्या वर्षाचं?"

"सहा. सरकारी रोपवाटिकेतून आणलं. करंगळीएवढं रोप होतं, बियाचं. पाणी घालून वाढवलं."

"नक्की बियाचं?"

"बाई, मीच लावलं ना."

बाई कशाबशा खाली वाकल्या. बेटाच्या मधोमध मनगटाएवढा जाड, वाळका खुंट होता, वरून तिरका कापलेला. त्यांनी त्याला हात लावून पाहिला. मग एक गोळा खुडून रुमालात बांधला.

काळू दारात बसून होता. डबा भातातल्या तणासाठी, निंदणीला कोणी येत नाही म्हणून आणलेला, असं त्याने सांगितलं. पहारेचं विचारलं तर म्हणाला, "मागून नेली होती कोणीतरी. पंचांसमोर सांगितलं. मग सांगायचं सोडलं." नाव विचारल्यावर तो जमिनीकडे बघत राहिला. त्याची बायको भागीबाई म्हणाली, "नाव घेऊन काय करता बाई? पंच त्याचेच."

"भागीबाई, बांबूचा भात खाल्लाय कधी?"

तिने वर पाहिलं. "एकदाच. अकरा वर्षांची होते. आईनं रांधला होता. मग उंदीर झाले लय."

त्या वर्षी बाईही इथे होत्या. नव्या नोकरीतली पहिली सहल. सगळं रान तपकिरी झालं होतं आणि बायका सुपं घेऊन बेटांखाली बी वेचत बसल्या होत्या. त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. चिमाजी तेव्हा अंगावर पीत असेल.

"देवराई दाखवा," बाई म्हणाल्या.

देवराईत वर्षातून एकदा, वैशाखातच जायचं, असा नेम. अजून चैत्र होता. काळू-भागीबाईसकट सगळे चपला काढून हद्दीवरच थांबले. तिथून जुनं बेट दिसत होतं. वाळलेलं, पेरापेराला तेच गोळे.

"इथंही काळूनंच विष घातलं?" मनोजने चिमाजीला विचारलं.

बाई दगडावर टेकल्या. रुमाल सोडून त्यांनी गोळा तळहातावर चुरडला. तुसांतून सहा बारीक पिवळे दोरे लोंबत होते.

"भाताच्या फुलात असेच सहा पुंकेसर असतात. बांबू भाताच्याच कुळातला, गवतच. ह्याला पाकळ्या नाहीत, वास नाही. मधमाशीला बोलवायचंच नाही, पराग वारा नेतो. म्हणून हे फूल आहे हे कोणाला कळत नाही. बांबू चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एकदा फुलतो आणि बी धरून मरतो. विष कोणी घातलेलं नाही."

"झालं तर मग," चिमाजी पटकन म्हणाला. "मी तक्रार मागं घेतो."

"थांब. बियाचं रोप शून्यापासून वर्षं मोजतं. तुझं सहा वर्षांचं. त्याला फुलायला अजून पस्तीस-चाळीस वर्षं हवीत. पण जुन्या बेटाचा कंद तोडून दुसरीकडे लावला, तर तो आईचंच वय पुढे मोजतो. आई फुलली की तोही फुलतो, कुठेही असला तरी."

"एखादं लवकर फुलतही असेल."

"क्वचित फुलतं. म्हणून मी खुंट पाहिला. बियाच्या रोपाची पहिली काडी सुतळीएवढी असते. तुझ्या बेटातला सगळ्यात जुना खुंट मनगटाएवढा आहे. तो तोडून आणलेल्या कंदाबरोबर आला. पहार मागून नेणारा तूच ना?"

मग चिमाजी खाली बसला. रोपवाटिकेची रोपं उन्हाळ्यात मेली होती, ती जगली का ते पाहायला साहेब येणार होते, त्याने सांगितलं. म्हणून देवराईतून चार कंद काढले. कोणाची तरी चाहूल लागली म्हणून पहार टाकून पळाला. दुसऱ्या दिवशी पंचांत बसला आणि गप्प राहिला.

"पंचांसमोर सांगशील?" मनोजने विचारलं.

त्याने मान डोलावली.

बाईंना आनंद झाला नाही. सहा वर्षं कोणी परत देणार नव्हतं.

भागीबाईने हद्दीबाहेर सांडलेलं बी ओंजळीत गोळा केलं, फुंकर मारून तूस उडवलं. काळूने चपला पायात घातल्या.

"सहा लावण्या आम्ही दोघांनीच केल्या," तो चिमाजीकडे न बघता म्हणाला. "औंदा आमच्या चिखलात पहिला पाय तुझा."